वेदीच्या पोटातलं हाड

चर्चमध्ये पाऊल टाकण्याआधीच मला चर्च पाठ होतं. कॉलेजात बांधकामाच्या इतिहासाच्या पेपरला त्यावर एक प्रश्न हमखास यायचा. क्रुसाच्या आकाराचा आराखडा, मधोमध लांबलचक सभामंडप, पूर्वेच्या टोकाला वेदी, टोकदार कमानी, भिंती बाहेर कलंडू नयेत म्हणून त्यांना लावलेले दगडी टेकू. मी हे सगळं शाईनं असं काढलं होतं की सरांनी माझा कागद वर्गात फिरवला. मी कर्जतजवळच्या पोशीर गावची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं आणि मी सिव्हिल इंजिनियर होऊनच खाली उतरले. हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही.

कर्जतला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मला नोकरी लागली. गेल्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा एक काम पूर्ण माझ्या हाती दिलं, ते नेमकं चर्चच्या दुरुस्तीचं. कर्जतहून खालापूरकडे जाताना ते लागतं. नेमकं कुठं ते सांगत नाही, कारण त्याभोवती डझनभर घरं उरलीत आणि सगळी ओळखू येतील. घाटात गाडीला मागून रेटणारी इंजिनं चालवणारे ड्रायव्हर, गार्ड, फिटर अशा रेल्वेच्या ख्रिस्ती माणसांसाठी ते इंग्रजांच्या काळात बांधलेलं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी निराशा झाली. क्रूस नाही, घुमट नाही, टेकू नाहीत. काळ्या दगडाची एक लांबट खोली, वर मंगळुरी कौलं, टोकदार खिडक्या आणि दर्शनी भिंतीच्या कपाळावर छोट्या कमानीत टांगलेली घंटा. परीक्षेत हे आलं असतं तर मी प्रश्न सोडून दिला असता. मग आत जाऊन वर पाहिलं. सागवानी वासे दोन्ही भिंतींतून उठून मध्ये मिळत होते, जशी एखादी मोठी होडी उलटी करून आपल्या डोक्यावर ठेवलीय. चर्चच्या सभामंडपाचं 'नेव्ह' हे इंग्रजी नाव जहाजावरून पडलं हे मी पेपरात लिहिलं होतं. पण ते असं दिसतं हे मला त्या दिवशी कळलं.

काम तीन प्रकारचं होतं. कौलं उतरवून पुन्हा चढवायची. मधल्या काळात कुणीतरी थापलेलं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचा. आणि वेदी हलवायची. वेदी म्हणजे मागच्या भिंतीला चिकटून असलेला दगडी ओटा. पूर्वी फादर लोकांकडे पाठ करून, लोकांसारखंच पूर्वेला तोंड करून मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, म्हणायचे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी रोमहून फर्मान निघालं की फादरनी लोकांकडे तोंड करावं. मोठ्या चर्चांनी वेद्या पुढे घेतल्या. इथं कुणाला जमलं नाही म्हणून पुढ्यात एक लाकडी टेबल टाकून चालवलं होतं. आता दगडी वेदीच पुढे आणायची, माणसाला भोवतीनं फिरता येईल इतकी. ड्रॉइंग माझं होतं.

तिथला एक म्हातारा, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेला, रोज येऊन माझ्या ड्रॉइंगवर नाराजी दाखवायचा. सगळे त्याला अंकल म्हणत.

"बेटी, फादरची पाठ दिसते तेच बरं असतं. तोंड इकडे असलं की तो बघतो कोण झोपलाय."

दगडाचं काम मी आबांना दिलं. आबा म्हणजे माझे वडील. पावसाळ्यात भातशेती आणि भात निघालं की गवंडीकाम, असं त्यांचं वर्ष. गावात टोमणे झाले, बापाला कामावर ठेवणारी पोरगी म्हणून. आबांनी त्यावर एकच केलं. साइटवर ते मला चारचौघांत मॅडम म्हणू लागले. "मॅडम, हितं ओळंबा बघून घ्या." असं म्हणताना त्यांच्या मिशा हलायच्या. भिंत सरळ आहे का ते पाहायचा त्यांचा ओळंबा पितळेचा, आजोबांच्या हातचा. संध्याकाळी तो दोरीत गुंडाळून खिशात घातल्याशिवाय ते काम सोडत नसत.

गुरुवारी वेदी उचलायची ठरली. हलवलेल्या वेदीवर पहिली मिस्सा म्हणायला रविवारी बिशप येणार होते. वेदीचा वरचा दगड अखंड होता, फक्त मधोमध पंजाएवढा एक चौकोन वेगळ्या दगडाचा होता. आबांनी त्यावरून बोट फिरवलं.

"दगड फुटला आसंल आन कुनीतरी ठिगळ लावलंय. असलं काम करत्यात का? मॅडम, ह्ये काढून नीट भरून देतो."

मी हो म्हणाले. मलाही ते ठिगळच वाटलं. आबांनी छिन्नी लावली, चार ठोके घातले आणि चौकोन उचकटला. खाली पोकळी होती. पोकळीत शिशाची डबी, काड्यापेटीपेक्षा लहान.

माल कालवणारी काकी घमेलं टाकून धावत आली. "धन हाय! अर्धं माझं, आदीच सांगते."

"तुझं तोंड बघून निघालंय जसं काय," कुणीतरी म्हणालं. सगळे हसत होते. आबांनी थापीच्या टोकानं झाकण उघडलं. आत लाल रेशमाच्या चिंध्या आणि त्यात एक पिवळट काडी.

"लवंग हाय का?" काकी म्हणाली.

आबांनी ती तळहातावर घेतली, खिडकीच्या उजेडात धरली. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. त्यांनी स्वतःच्या बापाच्या अस्थी वेचल्यात, धाकट्या भावाच्या वेचल्यात. त्यांना दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"हाड हाय," ते म्हणाले. "मानसाचं."

आबांनी ते होतं तसं रेशमात ठेवलं, झाकण लावलं, डबी पोकळीत ठेवली. थापी खाली ठेवली. मग चपला न घालता बाहेर गेले आणि अंगणातल्या हौदाच्या पाण्यानं, अंगावरच्या कपड्यांनिशी, डोक्यावरून बादल्या घेतल्या. एकामागून एक सगळे गेले. काकी तर रडतच होती. ओल्या कपड्यांनी सगळे टेंपोत बसले. मला कुणी या म्हणालं नाही, राहा म्हणालं नाही. मी आत वळले तर पितळेचा ओळंबा भिंतीजवळ दोरीला लोंबत होता. आबांनी तो नेला नव्हता.

मी शिकलेली बाई आहे. पण खरं सांगते, माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. हाड? देवाच्या ओट्यात? कुणी घातलं? कुणाचा खून झाला होता का इथं? आठवडाभर मी त्या दगडावर ड्रॉइंग पसरत होते. दुपारी त्यावरच डबा उघडत होते.

मी फादरना फोन केला. फादर वसईचे, तरुण, मराठी माझ्याहून शुद्ध. ते आले आणि तो उचकटलेला चौकोन पाहिला. मला वाटलं होतं हाड पाहून ते दचकतील. ते हाड पाहून दचकले नाहीत, चौकोन उघडलेला पाहून दचकले. पांढरेफटक पडले आणि चुन्याच्या धुळीत गुडघ्यांवर बसले.

"हे कुणी उघडलं?"

"ठिगळ समजून काढलं आम्ही. फादर, आत हाड आहे."

"असणारच. ते नसतं तर ही वेदी कशी झाली असती?"

फादर हळूहळू सांगू लागले. सुरुवातीला ख्रिस्ती लोकांना चर्चच नव्हती. श्रद्धेपायी जे मारले गेले त्यांना ते रक्तसाक्षी म्हणत. त्यांच्या थडग्यांपाशी जमायचे, तिथंच प्रार्थना करायचे. पुढे राजाश्रय मिळाला तेव्हा थडग्यावर वेदी आली आणि वेदीभोवती भिंती. घुमट, मनोरे, टोकदार कमानी सगळं त्यानंतरचं. जिथं थडगं नव्हतं तिथं वेदीत रक्तसाक्ष्याचा एखादा अवशेष ठेवायची रीत पडली, आणि शतकानुशतकं ती पाळली गेली; हा अवशेषही रोमहूनच आलेला. "आणि जुन्या नियमानं," ते म्हणाले, "तो कप्पा फुटला की वेदीचा अभिषेक मोडतो. आता नियम सैल झालेत. पण इथल्या म्हाताऱ्यांच्या लेखी हा आता नुसता दगड आहे."

चर्चवरच्या त्या प्रश्नाची मला दोन पानं तोंडपाठ होती. त्या दोन पानांत थडगं नव्हतं. मी इमारत बाहेरून आत शिकले होते आणि ती तर आतून बाहेर वाढली होती, एका मेलेल्या माणसापासून. एवढी वर्षं मला हे कुणी सांगितलं कसं नाही?

तेवढ्यात अंकल आले. त्यांना कळलं तेव्हा ते बाकावर धपकन बसले.

"हड्डी? इथे? फादर, मी इथे बाप्तिस्मा घेतला. इथे लग्न केलं. बायकोची पेटी इथून उचलली. मला कुणी बोललं नाय! आमच्यात तर माणूस आख्खा पुरतात, तुकडे थोडेच करतात!"

म्हणजे ज्यांचं चर्च त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला त्या क्षणी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाही धक्का बसला.

संध्याकाळी पोशीरला पोचले तर आईनं दारातच अडवलं. उंबऱ्यावर कडुनिंबाची डहाळी होती.

"आंगूळ कर पयली. पानी काढून ठेवलंय."

"आई, मी काय मसणातनं आलेय?"

"मंग कुठनं आलीस?"

थंडीचे दिवस होते. मी चुलीपाशी कुडकुडत बसले तेव्हा आबा ओट्यावरून आत आले. साइटवरचं 'मॅडम' घरी नव्हतं.

"पोरी, माझ्याच्यानं ते काम व्हनार नाय."

मला रविवार दिसत होता. माझं पहिलं काम, उघडी पडलेली वेदी, बिशप. आबा आले नाहीत तर एकही माणूस परत येणार नव्हता, आणि हाड निघालेल्या जागेवर आमच्या भागात दुसरा गवंडी कोण पाय ठेवणार?

"आबा, आपण समाधीच्या देवळात जातो की. तिथं पण माणूसच असतो खाली."

"तिथं मानूस आख्खा आस्तो. आपलं आपन बसलेला. ह्येचा तुकडा काढून आनलाय. कुनाचा हाय?"

"एका संताचा. तिकडं रोमकडचा. धर्मासाठी मारला त्याला."

"त्याचा धावा कुनी घातला?"

त्याच्या दहाव्याचं कुणाला ठाऊक असणार?

"कावळा शिवला का त्याला? नाय ना? मंग तो तितंच घुटमळतोय गं. आन मी त्याच्या डोक्यावर दगड बसवू?"

आबा कामचुकारपणा करत नव्हते. त्यांना त्या माणसाची काळजी लागली होती. हाच मला त्या दिवसाचा सगळ्यात मोठा धक्का होता.

सकाळी मी फादरना फोनवर सांगितलं तर ते मोटरसायकलवरून सरळ पोशीरला आले. आमच्या ओट्यावर पांढऱ्या झग्यातला माणूस बसलेला पाहून अर्धं गाव पाणी भरायच्या निमित्तानं समोरून गेलं. आईनं चहा दिला, लांबूनच. आबांनी आदल्या रात्रीचेच प्रश्न विचारले.

फादर म्हणाले, "दहावा नाही आमच्यात. पण त्याच्या मरणाच्या तिथीला लोक थडग्यापाशी जमायचे. तिथं बसून जेवायचे. त्याच्या वाटणीचं पण ठेवायचे. आणि वेदीवर आम्ही रोज जे करतो ते शेवटी एक जेवणच आहे."

"थडग्यावर जेवायचे?" आबा पुढे सरकले. "त्याचं पान मांडायचे?"

"तसंच म्हणा."

आबांनी मिशी चोळली. मग म्हणाले, "मंग त्याचं एक पान आमच्या रीतीनं मांडू द्या. कावळा शिवला की मी दगड बसवतो. शबूद हाय माझा."

मी डोळेच मिटले. आता फादर उठणार, मोटरसायकलला किक मारणार. फादरनी कप खाली ठेवला.

"आत नको. बाहेर, झाडाखाली मांडा."

शुक्रवारी दुपारी चर्चच्या अंगणात जांभळाखाली आबांनी केळीचं पान मांडलं. भात, त्यावर दही, तीळ. सगळी माणसं आली होती, काकीसुद्धा. आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. चर्चची म्हातारी माणसं पायऱ्यांवर बसली. फादर दारात.

कावळा येईना. झाडावर एकही नव्हता.

"कसा येईल?" आबांच्या हाताखालचा माणूस म्हणाला. "काकीनं रोज दगड मारून हाकललेत."

"मंग काय करू? माझं सुकट पळवत व्हते मेले!"

"आता बोलव त्यांना."

"काऽव काऽव," काकी हात जोडून म्हणाली. हसू की नको असं सगळ्यांना झालं. आबा हसले नाहीत. आमच्यात कावळा येईना की मेलेल्याला मोठ्यानं शब्द द्यायचा असतो, त्याची राहिलेली इच्छा ओळखून. पण त्या माणसाची इच्छा कुणाला ठाऊक?

"आल्तार हलवू नका, असं बोलत असेल तो," अंकल पायरीवरून म्हणाले. आल्तार म्हणजे वेदी, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अंकल, ती तुमची इच्छा आहे, त्याची नाही!"

"मी पण म्हातारा, तो पण म्हातारा."

ऊन कलायला लागलं. आबांनी चप्पल काढली, पानासमोर जाऊन हात जोडले. "बाबा," ते म्हणाले, "आमाला तुजं नाव ठाव नाय. तुला आनखी तोडनार नाय. असा बसवतो की परत कुनी उघडनार नाय." आवाज फुटला त्यांचा. मी आबांना देवळात रडताना पाहिलं नाही कधी.

तरी कावळा नाही. भात सुकत चालला. आबांचे खांदे खाली आले. संपलं, मला वाटलं.

अंकल उठले, गुडघे धरत आपल्या घरी गेले. परत आले तेव्हा हातात बेकरीचा पाव होता. सरळ जाऊन त्यांनी तो पानावर, भाताच्या बाजूला ठेवला.

"रोमचा माणूस भात खाईल काय?" ते आबांना म्हणाले. "तुम्ही लोक पण ना!"

ते पायरीवर टेकलेही नव्हते, तोच घंटेच्या कमानीवरून एक कावळा उतरला. इतका वेळ तो तिथं होता आणि आम्ही सगळे झाडाकडे बघत होतो. भाताला त्यानं चोच लावली नाही. पाव उचलला आणि गेला.

काकी किंचाळली. फादरनी छातीवर क्रूस केला आणि मग आपण काय केलं हे कळून इकडे तिकडे पाहिलं. मी काय पाहिलं ते मला अजून ठरवता येत नाही. भुकेला कावळा पाव उचलतो यात इंजिनियरला नवल वाटायचं कारण नाही. पण माझे हात जोडलेले होते.

"शिवला," आबा म्हणाले आणि आत गेले. भिंतीजवळचा ओळंबा त्यांनी स्वतःच्या हातानं काढला, डोळ्यांना लावला. "मॅडम, या. लाइन दाखवा."

वेदी त्यांनी माझ्या ड्रॉइंगप्रमाणे पुढे घेतली, अंकल बघत असताना. डबी फादरनी ठेवली. चौकोन आबांनी बसवला, चुन्यात, इतका घट्ट की सांधा नखाला लागत नाही. काम चालू असताना एकदाच मान वर न करता म्हणाले, "तुमच्या कालिजात ह्ये शिकवलं नव्हतं का?"

"नाही."

"मंग काय शिकवलं?"

"टोकदार कमान."

"हं," आबा म्हणाले.

रविवारी आम्ही मागच्या बाकावर बसलो, आबा धुतलेल्या सदऱ्यात. मोडलेला अभिषेक नव्यानं करायला बिशपनी वेदीवर तेल ओतलं आणि हातानं दगडभर चोळलं, बाळाला चोळतात तसं. मग त्यावर धूप पेटवला. आबांनी माझं कोपर धरलं. "तेल? आन शेंदूर नाय?" मी त्यांना गप्प केलं. धूर त्या उलट्या होडीत चढत गेला. मग बिशप वाकले आणि त्यांनी वेदीचं चुंबन घेतलं, बरोबर मधोमध.

आबांची बोटं माझ्या कोपरात रुतली. "आगं, त्यांना कुनी सांगितलं नाय का खाली काय हाय?"

"ठाऊक आहे आबा. म्हणूनच."

आबांचं तोंड मिस्सा संपेपर्यंत उघडंच होतं.

घरी पोचलो तेव्हा आई बादली घेऊन दारात उभी होती. आबा तिच्या बाजूनं कोरड्या पायांनी आत शिरले.

"देवळातनं आलोय," ते म्हणाले. "मसनातनं नाय."

आई बादली घेऊन तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. मी शिकलेली, मीच ते चर्च उभं करून आलेली. पण खोटं कशाला सांगू? मी पाय धुतले.